एका ‘इच्छितो’ची पोटनिवडणूक

आमदारसाहेबांच्या राजीनाम्याचे टंकलेखन दुपारी सव्वाबारा वाजता पूर्ण झाले, साडेबाराला त्यावर सही झाली आणि चार वाजता विधानसभेच्या अध्यक्षांनी तो मंजूर करून टाकला. या तीन गोष्टींपैकी पहिलीला जबाबदार असलेले गृहस्थ त्या वेळी कचेरीच्या जिन्याखाली, आपल्या टेबलापाशी, एका भाडेकरूच्या नोटिशीतला हरवलेला अनुस्वार शोधत होते. आपण अडीच लाख मतदारांना पोटनिवडणूक लावून दिली आहे, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. अनुस्वार मात्र सापडला होता.

कचेरीत त्यांना वेलांटीकाका म्हणत. एकतीस वर्षे ते त्या जिन्याखाली बसत आले होते. आधी टंकलेखन यंत्र घेऊन, पुढे संगणक घेऊन. कागद टाइप करून घ्यायला कोणी आले, की काका आधी मजकूर वाचत, मग माणसाकडे पाहत आणि मग मजकूर सुधारत. ही सुधारणा कोणी मागितलेली नसे आणि तिच्याबद्दल कोणी आभारही मानत नसे. पण ह्रस्व वेलांटीच्या जागी दीर्घ दिसली, की काकांना दातांत तूस अडकल्यासारखे होई. ती काढल्याखेरीज पुढचा मजकूर घशाखाली उतरत नसे.

चुकांशी त्यांचे असे रोजचे भांडण होते. वैर मात्र एकाच शब्दाशी होते. तो शब्द म्हणजे ‘इच्छितो’. ‘रजा घेऊ इच्छितो’, ‘तक्रार करू इच्छितो’, ‘कळवू इच्छितो’. काकांचे म्हणणे असे, की इच्छा ही मनात ठेवायची वस्तू आहे. कागदावर क्रिया हवी. जो रजा घेऊ इच्छितो त्याला वरिष्ठ म्हणू शकतात, “इच्छा चांगली आहे.” जो रजा घेत आहे त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. त्यामुळे गेल्या एकतीस वर्षांत काकांच्या टेबलावरून एकही ‘इच्छितो’ जिवंत सुटला नव्हता.

त्या दिवशी आमदारसाहेबांचे स्वीय सहायक हाताने लिहिलेला कागद घेऊन धापा टाकत आले, कारण साहेबांच्या कार्यालयातली टंकलेखिका बाळंतपणाच्या रजेवर होती. (तिचा रजेचा अर्ज काकांनीच टाइप केला होता आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला होता.) कागद म्हणजे साहेबांचा राजीनामा होता, आणि तो सातवा होता. सरकार ऐकेनासे झाले की साहेब राजीनामा देत. संध्याकाळपर्यंत दोन मंत्री समजूत घालायला येत. अडलेली कामे मार्गी लागत आणि राजीनामा जिथल्या तिथे विरून जाई. सहाही पत्रांचे शेवटचे वाक्य एकच होते : ‘तरी मी विधानसभा-सदस्यत्वाचा राजीनामा देऊ इच्छितो.’ हे वाक्य साहेबांच्या वकील मेहुण्यांनी फार विचार करून घडवले होते. काकांना हे कोणी सांगितले नव्हते.

स्वीय सहायक भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत राहिले. काकांनी ‘व्यथीत’मधली वेलांटी ह्रस्व केली, ‘अंतकरणा’त विसर्ग घातला आणि शेवटच्या वाक्यापाशी येऊन, डोळ्यांवर आलेली माशी उडवावी तितक्या सहजपणे, ‘देऊ इच्छितो’ काढून ‘देत आहे’ केले. सहायकांनी कागद न वाचता पाकिटात घातला. साहेबांनी न वाचता सही केली. अध्यक्षांनी मात्र तो वाचला, आणि त्यांचे व साहेबांचे विशेष सख्य नसल्यामुळे दोनदा वाचला. “मागची सहा पत्रं इच्छेची होती,” ते आपल्या सचिवांना म्हणाले, “हे राजीनाम्याचं आहे. शिक्का आणा.”

संध्याकाळी बातम्यांत ते पत्र पडदाभर दाखवले गेले.

“अगं, विसर्ग बघ,” काका हरखून म्हणाले. “टीव्हीवर धड विसर्ग मी पहिल्यांदा पाहतोय.”

काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी विसर्गाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. “हा कागद तुमचा?”

“टायपिंग माझं.”

पडद्यावर एक विश्लेषक ‘देत आहे’ या दोन शब्दांभोवती तांबडे वर्तुळ काढून सांगत होता, की साहेबांनी या वेळी अचानक भाषा बदलली असून त्यामागे फार खोल राजकारण असले पाहिजे. काकूंनी सुरी खाली ठेवली.

“अहो, ते ‘देत आहे’ साहेबांचं की तुमचं?”

काका विसर्गाकडेच पाहत राहिले.

“म्हणजे तुमचंच.”

“व्याकरण कुणाच्या मालकीचं नसतं.”

“राजीनामा असतो,” काकू म्हणाल्या.

पोटनिवडणूक जाहीर झाली आणि तिच्या पाठोपाठ आचारसंहिता आली. निवडणूक पार पडेपर्यंत सरकारने कुणाचेही नव्याने भले करायचे नाही, असा या संहितेचा थोडक्यात आशय असतो. काकांच्या इमारतीसमोरचा रस्ता नळ घालण्यासाठी उकरला होता. उकरण्याचा आदेश आचारसंहितेच्या आधी निघाला होता. बुजवण्याचा निघायचा होता. परिणामी चार मजल्यांची माणसे एका फळीवरून ये-जा करू लागली, आणि तळमजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर रोज सकाळी त्या फळीच्या टोकाशी उभे राहून काकांची वाट पाहू लागले.

“काका, एक विचारू? ‘इच्छितो’ राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?”

“वाक्य बिघडलं असतं.”

“वाक्यावरून कुणी घसरत नाही हो. आमची ही काल इथं घसरली.”

“अरेरे. फार लागलं का?”

“तिला नाही. मी हसलो, मला लागलं.”

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीची बदली अडकली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा नळजोड अडकला होता. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण काकांना आपले अडकलेले काम सांगे. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. एकदा या सर्वांची गच्चीवर सभा भरली आणि पोटनिवडणुकीला पोटनिवडणूक का म्हणतात, असा मुद्दा निघाला. ओव्हरसियर म्हणाले, पोटकलम, पोटभाडेकरू, तशी पोटनिवडणूक. मोठीच्या पोटात धाकटी. काकू म्हणाल्या, ज्यांच्या पोटात दुखतं त्यांची ती. काकांनी शब्दकोश आणून ‘पोट’ या शब्दाचे सगळे रकाने मोठ्याने वाचून दाखवले. सभा त्यानंतर लवकर आटोपली.

हे सगळे सोसता आले असते. काकांना खरे बोचले ते गिऱ्हाइकांचे वागणे.

कागद घेऊन आलेली माणसे आता टेबलापासून दोन पावले दूर उभी राहत. “आहे तस्सं टाइप करा हं, काका. काही सुधारू नका.” दरवर्षी नियमाने राजीनामा देणारे एका सोसायटीचे अध्यक्ष जिन्यापर्यंत आले, काकांना पाहून थबकले आणि परत फिरले. पगारवाढ मिळाली नाही तर नोकरी सोडतो असे पत्र घेऊन आलेल्या एका कारकुनाने आधी विचारले, “हे वाचून मालक मला खरंच सोडणार नाहीत ना?” एका तरुणाने ठरलेले लग्न मोडण्याचे पत्र आणले होते. काकांनी ते वाचायला हातात घेतले, मान हलवली आणि चष्मा पुसला. तेवढ्यात त्याने कागद काढून घेतला. “राहू द्या. एवढं पक्कं नकोय मला.”

एकतीस वर्षांत काकांना न पडलेला प्रश्न त्या दुपारी पडला. ही माणसे मग लिहितात कशाला? त्यांनी आठवून पाहिले. कितीतरी धमक्या, कितीतरी रुसवे, कितीतरी शेवटचे इशारे या टेबलावर आले होते, आणि काकांनी त्यांतली ‘इच्छा’ निपटून काढून ते पुढे धाडले होते. बँकेतल्या एका शिपायाचा राजीनामा त्यांनी असाच घट्ट करून दिला होता; तो आता चौकात सायकली दुरुस्त करतो आणि काका दिसले की हात वर करतो. तो हात आभाराचा, की दुसऱ्या कशाचा? काकांनी आजवर नीट पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम त्या चौकावरून गेले. सायकलवाल्याने हात वर केला. हातात पाना होता. काही निष्कर्ष निघाला नाही.

अशात महिनाअखेर जवळ आली, आणि महिनाअखेरीला काकांचा जिन्याखाली बसण्याचा परवाना संपत होता. तो संपला की टेबल उचलायचे, असा नियम होता. आणि त्या जिन्याखालच्या जागेवर डोळा ठेवून असलेले दोन झेरॉक्सवाले होते. काका नूतनीकरणाचा अर्ज घेऊन परवान्याच्या खिडकीपाशी गेले.

“आचारसंहिता आहे, काका,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“नूतनीकरण आहे हे. नवा लाभ थोडाच आहे?”

“जुन्या लाभाचं नवं होणं म्हणजे नवा लाभच की.”

“पण परवाना संपला तर मी बसू कुठं?”

“ते आचारसंहिता लावणाऱ्याला विचारा,” कारकून म्हणाला, आणि समोर कोण उभे आहे हे लक्षात येऊन त्याने खिडकीतला कागदी फुलांचा गुच्छ उगीच सारखा केला.

दोनच दिवसांत परवान्याच्या फायलीत आणखी एक कागद येऊन पडला. साहेबांच्या वतीने स्वीय सहायकांनी काकांविरुद्ध तक्रार केली होती : टंकलेखकाने मूळ मजकूर बदलला, सबब चौकशी व्हावी. आणि त्याच संध्याकाळी स्वीय सहायक स्वतः काकांच्या घरी, फळीवरून जपून चालत, आले.

“काका, तक्रारीचं मनावर घेऊ नका. ती करावी लागते. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. ‘माझ्या हातून टंकनदोष झाला.’ ते घेऊन साहेब कोर्टात जातील. राजीनामा रद्द, निवडणूक रद्द, आचारसंहिता रद्द. तुमचा परवाना दुसऱ्या दिवशी घरपोच.”

“पण तो दोष नव्हता.”

“मग काय होतं?”

“सुधारणा.”

“म्हणजे मुद्दाम बदललंत.”

“बदललं नाही, सुधारलं. दोषात बोट चुकतं. सुधारणेत डोकं चालतं.”

“बोट चुकलं तर परवाना जात नाही, काका,” सहायक समजुतीने म्हणाले. “डोकं चालवलं तर जातो.”

सहायक गेले. त्यांना फळीवरून घरापर्यंत आणून सोडायला म्हणून आलेले ओव्हरसियर मात्र बसूनच राहिले होते.

“द्या लिहून,” काकू म्हणाल्या. “जगात रोज लाख चुका होतात. त्यात तुमची एक.”

“माझी नाहीये, हीच तर अडचण आहे. एकतीस वर्षांत एकदाही बोट चुकलं नाही माझं. आणि जे चुकलंच नाही ते चुकलं म्हणून मी स्वतःच्या हातानं टाइप करू?”

“मी सांगतो,” ओव्हरसियर पुढे सरकले. “लिहा, ‘टंकनदोष झाल्याचे कळवू इच्छितो.’ म्हणजे कळवलंही, आणि नाहीही.”

काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ओव्हरसियर उठून चपला शोधू लागले.

काकू मात्र दाराकडे पाहत विचारात पडल्या होत्या. “मला एक कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय केलं त्याची चौकशी चाललीय. पण कागद साहेबांच्या हातात गेला होता ना? त्यांनी वाचला की नाही?”

“ते मला कसं कळणार?”

“मग विचारा की. तुम्हाला खुलासाच लिहायचाय ना? त्यातच विचारा.”

काकांनी त्या रात्री जेवणाआधीच खुलासा टाइप केला. तो तीन वाक्यांचा होता.

चौकशी महिन्याच्या शेवटच्या दिवशी ठेवली होती. चौकशी अधिकारी म्हणजे कचेरीतल्या अधिकारीबाई. पोटनिवडणुकीचे कामही त्यांच्याकडेच असल्यामुळे त्यांच्या टेबलावर मतदारयाद्यांचे गठ्ठे रचले होते, आणि बाई त्या गठ्ठ्यांमधल्या फटीतून बोलत होत्या. साहेब आले होते. कोर्टाचे काय होईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी दरम्यान उमेदवारी अर्जही भरून ठेवला होता, आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीवर त्यांचा हसरा चेहरा लागला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘डोळ्यांत तेल घालून जनतेची राखण.’ साहेबांपाठोपाठ दोन वार्ताहरही दारात येऊन उभे राहिले.

बाईंनी काकांचा खुलासा मोठ्याने वाचला. “‘मजकूर मी सुधारला. सुधारलेला मजकूर सहीपूर्वी वाचण्यास अर्जदार मोकळे होते. त्यांनी तो वाचला होता किंवा कसे, हे त्यांनाच विचारावे.’” त्यांनी कागद खाली ठेवला. “साहेब, सही वाचून केलीत, की न वाचता?”

स्वीय सहायकांनी तोंड उघडले.

“प्रश्न त्यांना आहे,” बाई म्हणाल्या.

काकांनी साहेबांकडे पाहिले. परवान्याचा त्यांना क्षणभर विसर पडला. हा माणूस काय म्हणतो, याची त्यांना इतकी उत्सुकता वाटली, की ते खुर्चीच्या टोकाला येऊन बसले. न वाचता म्हणावे, तर तक्रार खरी ठरते, राजीनामा कदाचित परत मिळतो आणि काकांचे टेबल जाते. वाचून म्हणावे, तर सगळे जिथल्या तिथे. साहेबांची नजर बाईंवरून दारातल्या वार्ताहरांकडे गेली. एका वार्ताहराने पेनाचे टोपण काढले. त्याच्या खांद्यावरून, खिडकीबाहेर, भिंतीवरचा हसरा चेहरा दिसत होता.

“मी कुठल्याही कागदावर,” साहेब सावकाश म्हणाले, “वाचल्याशिवाय सही करत नाही.”

“म्हणजे ‘देत आहे’ आपल्याला मान्य होतं?”

“मान्य असल्याशिवाय सही केली असती का, बाई?”

स्वीय सहायक खाली बसले.

“मग टंकलेखकांचा प्रश्नच मिटला,” बाई म्हणाल्या. “परवान्याचंही आजच करून टाकू. जुनाच माणूस जुन्याच जिन्याखाली बसणार, यात कुणाला कसला नवा लाभ? आदेश टाइप करून आणा.”

आदेश तयार होईपर्यंत काका आणि साहेब दोघांनाही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसावे लागले. बाक एकच होता. साहेबांनी सहायकांना गाडीकडे पिटाळले, वार्ताहर बातमी पाठवायला धावले, आणि मग साहेब हळूच म्हणाले, “काका, त्या पत्राची प्रत आहे का हो तुमच्याजवळ?”

काकांनी पिशवीतून प्रत काढून दिली. साहेबांनी ती लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली.

“चष्मा लावला की फोटोत म्हातारा दिसतो म्हणून लावत नाही. जरा वाचता का?”

काकांनी वाचले. व्यथित अंतःकरणाने, असे सुरू होणारे ते पत्र फार मोठे नव्हते. तीन वर्षांत आपल्या भागातल्या पाण्यासाठी आपण आठशे बारा पत्रे लिहिली आणि त्यांतली किती कुणी वाचली हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्यात होते. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसावे तसे ऐकत होते. शेवटच्या वाक्यावर काकांचा आवाज नकळत चढला.

“चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “कुणी लिहिलं?”

“सहायकांनी. सुधारलं मी. सही आपली.”

“हं.”

काकांना राहवले नाही. “साहेब, एक विचारतो. मनातून द्यायचा होता का?”

साहेबांनी काकांच्या हातून प्रत परत घेतली. “सहा वेळा दिला, काका. सहा वेळा माणूस उगाच देतो का?” मग त्यांनी मान हलवली. “आणि सहा वेळा चहा पिऊन परत घेतला. त्यालाही काही कारण असेलच. खरं सांगू, मला कधी कळलंच नाही. सातव्या वेळी मंत्री आले नाहीत, चहा झाला नाही. सकाळी उठलो तर दारात कुणी नाही. आठशे बारा हा आकडा आत्ता तुमच्या तोंडून ऐकला.” त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली. “आता लोकांकडे जाऊन मागावं लागेल. बघू, काय म्हणतात.”

“मी मत कुणाला देईन, ते सांगता येत नाही,” काका प्रामाणिकपणे म्हणाले.

“तेही खरंच,” साहेब म्हणाले, आणि त्यांना राग आलेला दिसला नाही.

इतक्यात कारकून आदेशाच्या दोन प्रती घेऊन आला. खाली बाईंची सही होती, शिक्का होता, परवान्याचा क्रमांक होता. काकांनी सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर ते थांबले. तिथे लिहिले होते : ‘सदर टंकलेखक हे निर्दोश आहेत.’

शहामृगातला श. एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेला सरकारने दिलेल्या प्रमाणपत्रात, नेमक्या त्याच शब्दात.

“हे परत टाइप करता येईल का?” काकांनी क्षीण आवाजात विचारले.

“येईल की. पण बाईंची सही पुन्हा लागेल, आणि बाई आत्ताच निघाल्या मतदान केंद्रं बघायला. आता थेट मोजणीनंतर. तुमचा परवाना आज संपतोय ना?”

“करा सही, काका,” साहेब आपुलकीने म्हणाले. “वाचू नका.”

काकांनी खिशातले पेन काढले. त्याचे टोक त्या श-वर काही क्षण तरंगत राहिले. सरकारी आदेशात आपल्या हाताने एक रेघ ओढणे म्हणजे काय असते, हे नुकतीच चौकशी झालेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. पेन हळूहळू खाली सरकले, आदेशाच्या शेवटी आले आणि पोच देण्यासाठी सोडलेल्या कोऱ्या ओळीवर टेकले. तिथे काकांनी, शाळेच्या फळ्यावर लिहावे अशा सुवाच्य अक्षरांत, लिहिले : ‘मी निर्दोष असल्याच्या आदेशाची प्रत मिळाली’. त्यातल्या पोटफोड्या ष-चे पोट त्यांनी दोनदा फोडले, एकदा लिहिण्यासाठी आणि एकदा ठसण्यासाठी.

कारकुनाने मान वाकडी करून ते वाचले. “नुसतं ‘प्रत मिळाली’ पुरे होतं, काका.”

“पुरे होतं,” काका म्हणाले, आणि त्यांनी वाक्याच्या शेवटी राहिलेला पूर्णविराम दिला.